तोंड आमचे, आवाज कोणाचा?

दिवाळीच्या फराळाला बसलेल्या माणसाशी भांडू नये, असा आपल्याकडे संकेत आहे. तो मला ठाऊक नाही असे नव्हे. पण वर्षभर वर्गात 'गप्प बसा, गप्प बसा' म्हणून ओरडणाऱ्या मास्तराला मोकळेपणाने भांडावयाला दिवाळीच्या सुट्टीखेरीज सवड तरी कधी मिळावी? तेव्हा वाचकहो, चकली खुशाल हातात असू द्या. कान मात्र इकडे द्या. कारण भांडण कानाचेच आहे.

आपण सहकुटुंब सिनेमाला जातो. परत येताना रस्त्यात चर्चा सुरू होते. आई म्हणते, गोष्ट बरी होती. मुलगी म्हणते, नायिकेच्या साड्या छान होत्या. मुलगा मारामारीवर खूश असतो. आजोबांच्या मते पूर्वीची गाणी निराळीच. एवढी चर्चा होते. पण 'काय हो, आवाज कसा होता?' असे आजवर कोणी कोणाला विचारल्याचे मी ऐकलेले नाही. आपण सिनेमा 'पाहून' येतो. 'ऐकून आलो' असे कोणी म्हणाला, तर त्याला आपण डोळ्यांच्या डॉक्टरकडे पाठवू!

मराठी भाषा पूर्वी एवढी बहिरी नव्हती. पडद्यावरचे चित्र बोलू लागले तेव्हा तिने त्याला 'बोलपट' असे नाव दिले. केवढे नेमके नाव! पट मागाहून, बोल आधी. आज तो शब्द आजोबांच्या काठीशेजारी कोपऱ्यात पडून आहे. वापरात उरला तो 'चित्रपट'. चित्र राहिले, बोल गेला. शब्द उगीच मरत नाहीत. त्यांच्यामागची आस्था आधी मरते, आणि मग शब्द मरतात.

ही आस्था कशी मरते ते मी डोळ्यांनी पाहिले आहे. नव्हे, कानांनी ऐकले आहे.

माझी शाळा माणदेशात आहे. सातारा जिल्ह्याचा हा पूर्वेकडचा दुष्काळी मुलूख. पाऊस कमी, बोलणे मात्र मोकळे. काही वर्षांपूर्वी आमच्या गावात एका मराठी सिनेमाचे चित्रीकरण झाले. त्या सिनेमाचे नाव मी सांगणार नाही. एकाला नावे ठेवली की बाकीचे सुटतात, आणि मला कोणालाच सोडावयाचे नाही.

कथा खेड्यातल्या एका शाळेची होती. म्हणून शाळा आमची घेतली, फळा आमचा घेतला आणि पोरेही आमचीच घेतली. चौथीतल्या एका मेंढपाळाच्या पोराला तर चांगली पंधरावीस वाक्ये बोलावयाची होती. पोरगा मोठा धीट. जे बोलला ते असे बोलला, की चित्रीकरणाला आलेली शहरातली माणसे टाळ्या वाजवू लागली. आठ दिवस गावात चूल पेटण्याआधी त्याच्या नावाची चर्चा पेटत असे.

त्या सगळ्या लवाजम्यात माझ्या लक्षात राहिला तो एकच माणूस. कानांवर भलेमोठे हेडफोन, गळ्यात अडकवलेली यंत्राची पेटी, आणि जवळ एक पोरगेलासा मदतनीस. मदतनिसाच्या हातात लांबलचक काठी, आणि काठीच्या टोकाला केसाळ बोक्यासारखे काहीतरी. त्या काठीला 'बूम' म्हणतात आणि तो बोका म्हणजे वारा आत शिरू नये म्हणून माइकला घातलेले झबले, हे मला मागाहून समजले. हा माणूस साउंडवाला. दिवसभर तो सर्वांच्या शिव्या खात होता. सूर्यावर ढग आला की पन्नास माणसे माना वर करून, हात बांधून निमूटपणे ऊन पडण्याची वाट पाहात. पण 'एसटी घाट चढून जाऊ द्या, अर्धा मिनिट थांबू,' असे याने म्हटले, की त्याच पन्नास माणसांच्या कपाळांवर आठ्या! ढगासाठी थांबणे ही कला, आणि एसटीसाठी थांबणे हा खोळंबा. हा न्याय मी तेथे प्रथम शिकलो.

एके दुपारी तो मला म्हणाला, "गुरुजी, पोरांना एक मिनिट अगदी शांत बसवाल का? मला या वर्गाची शांतता हवी आहे."

मला हसू आले. शांतता ती शांतता. या वर्गाची काय आणि त्या वर्गाची काय? पण मी पोरांना बसवले. त्याने एक मिनिट मुद्रण केले आणि मग ते हेडफोन माझ्या कानांवर ठेवले. अहो, काय सांगू! डोंगरावरच्या पवनचक्क्यांची घरघर त्यात होती. उन्हाने तापलेला पत्रा मधूनच तडकत होता. मागच्या कडुनिंबात एक होला घुमत होता. आणि त्या सगळ्याखाली चाळीस पोरांचे श्वास! वीस वर्षे मी त्या वर्गात उभा आहे. पण तो वर्ग मी ऐकला तो त्या दिवशी. तो म्हणाला, "प्रत्येक जागेची शांतता वेगळी असते, गुरुजी. दोन वाक्यांच्या मधल्या फटीत ही भरावी लागते. दुसरीकडची भरली तर कानाला लगेच खटकते."

पुढे सिनेमा तालुक्याच्या गावी लागला. दोन टेम्पो भरून आम्ही गेलो. त्या पोराची आजी डोक्यावरचा पदर सावरीत पहिल्या रांगेत बसली. पडदा उजळला. शाळा दिसली, टाळ्या पडल्या. पोरगा दिसला, शिट्ट्या पडल्या. मग पोरगा बोलू लागला, आणि आमचे अख्खे गाव गप्प झाले.

ओठ त्याचे हलत होते. आवाज मात्र त्याचा नव्हता. कोणा शहरातल्या मुलाचा, गुळगुळीत, खेडवळपणाचा आव आणून काढलेला तो आवाज होता. जिथे आमचा पोरगा श्वास घ्यायला थांबला होता, तिथे हा थांबला नव्हता. जिथे तो अडखळून हसला होता, तिथे हा ठरवून हसला होता. आणि वर्गाची ती शांतता? तिच्या जागी व्हायोलिने रडत होती.

आजीने मान वळवून मला विचारले, "गुरुजी, त्वांड आमच्या पोराचं हाय. आवाज कुणाचा वो?"

आणि दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत तो पोरगा माझ्याजवळ आला आणि खाली मान घालून म्हणाला, "गुरुजी, माझं कायतरी चुकलं व्हतं का?"

वाचकहो, हा लेख मी त्या प्रश्नासाठी लिहितो आहे.

मी त्या सिनेमावाल्यांना फोन करून विचारले. उत्तर मोठे गोड मिळाले. "अहो गुरुजी, त्या मुलांची भाषा पुण्यामुंबईच्या प्रेक्षकाला कळली नसती. म्हणून डबिंग केले. जागेवर घेतला तो नुसता पायलट होता." पायलट म्हणजे काय, तर मागाहून स्टुडिओत बोलणाऱ्याला अंदाज यावा म्हणून जागेवर कसाबसा टिपून ठेवलेला आवाज. काम झाले की तो फेकून द्यावयाचा. विमानातला पायलट प्रवाशांना मुक्कामी पोचवतो. सिनेमातल्या पायलटला मुक्काम जवळ आला की खाली ढकलून देतात!

आता कोणी म्हणेल, 'गुरुजी, गरिबाचा धंदा आहे. साधने अपुरी. कोठून आणावयाचा जागेवरचा आवाज?' साधने अपुरी? मग साधने खरोखर अपुरी होती त्या दिवसांची हकीकत ऐका.

आपला पहिला बोलपट 'आलम आरा'. १४ मार्च १९३१ या दिवशी तो मुंबईच्या मॅजेस्टिक सिनेमात लागला. अर्देशिर इराणी यांनी तो केला तेव्हा आवाज आणि चित्र एकाच फिल्मवर एकाच वेळी उमटवणारे टॅनार यंत्र त्यांच्यापाशी होते. म्हणजे मागाहून दुरुस्ती नाही. जे बोलले गेले ते गेले. स्टुडिओजवळून आगगाड्या धडधडत जात. म्हणून त्या थांबल्या की रात्री एक ते चारच्या सुमारास काम चाले. माइक दिसू नयेत म्हणून कोठे कोठे दडवून ठेवीत. विल्फर्ड डेमिंग नावाचा अमेरिकन तज्ज्ञ आला होता; त्याचे दिवसाचे शंभर रुपये परवडेनात, तेव्हा स्वतः इराणींनी रुस्तम भरुचांच्या मदतीने ध्वनिमुद्रण शिकून घेतले आणि केले. निर्माता स्वतः हेडफोन लावून बसला! आज त्या 'आलम आरा'ची एकही प्रत शिल्लक नाही. पाहावयाला चार छायाचित्रे आहेत. ज्या देशाचा पहिला बोलपट आज मुका झाला, त्या देशाला आवाजाची किती चाड आहे हे वेगळे सांगावयाला नको.

आपल्या घरचेच उदाहरण घ्या. १९३२ साली 'प्रभात'ने कोल्हापुरात 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट केला. त्या कंपनीच्या ध्वनिविभागाची जबाबदारी कोणाकडे होती? विष्णुपंत दामल्यांकडे. म्हणजे कंपनीचा एक मालकच आवाजाची राखण करीत होता! त्याच दामल्यांनी फत्तेलालांबरोबर १९३६ साली 'संत तुकाराम' केला, आणि १९३७ साली व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. १९३७ सालीच शांतारामबापूंनी 'कुंकू' काढला. त्यात पार्श्वसंगीत नाही. प्रसंग रंगवावयाला बाहेरून आणलेले एक वाद्य नाही; घरातले आणि रस्त्यावरचे जे आवाज असतील तेच. ऐंशी वर्षे उलटून गेली तरी त्या घरात आपला श्वास कोंडतो, तो त्या आवाजांनी. ही माणसे कोणत्या ध्वनिशास्त्राच्या पाठशाळेत गेली होती? शाळा तेव्हा नव्हतीच. 'प्रभात' पुण्यास आली त्या जागेत १९६० साली सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था काढली. तेथे ध्वनिमुद्रणाचा स्वतंत्र अभ्यासक्रम आहे. शाळा आली, यंत्रे आली, आणि आस्था गेली.

ती कधी गेली? साठच्या दशकात सिनेमा स्टुडिओच्या चार भिंतींतून बाहेर पडला. डोंगर, दऱ्या, काश्मीरचे बर्फ दिसू लागले. बाहेर न्यावयाला हलके कॅमेरे आले. पण ते शिवणयंत्रासारखे खडखडत. त्या खडखडाटात संवाद घेता येईनात, म्हणून मागाहून डबिंग करावयाची रूढी पडली. एवढे समजण्याजोगे आहे. पण पुढे मुके कॅमेरे आले, बोटाच्या पेराएवढे माइक आले, तरी रूढी जाईना. कारण तोपर्यंत तिची गोडी लागली होती. नटाने संवाद पाठ नाही केला तरी चालते. दिग्दर्शकाला शॉट चालू असताना ओरडून सूचना देता येतात. सेटवर चहाचे पेले खणखणले तरी बिघडत नाही. लंगड्याला कुबडी दिली होती. पाय बरा झाला तरी तो कुबडी सोडीना, आणि वर म्हणू लागला की चालण्याची खरी रीत हीच!

येथे एक गैरसमज दूर करतो. गाण्यातल्या उसन्या आवाजाशी माझे भांडण नाही. १९३५ साली कलकत्त्याच्या न्यू थिएटर्सने 'धूप छाँव'मध्ये पार्श्वगायन आणले, आणि त्यातून आपल्याला जे स्वर मिळाले त्यांच्यावर आपल्या तीन पिढ्या पोसल्या आहेत. गाणे हा संकेत आहे. कीर्तनकार द्रौपदी होतो तेव्हा त्याच्या मिशा आपल्याला अडत नाहीत, तसेच हे. करवंट्या आपटून घोड्याच्या टापा काढतात, त्यालाही माझी ना नाही. पण माणसाचे बोलणे हा संकेत नव्हे. ते त्याचे अंग आहे. आणि हे अंग कापताना आमच्या धंद्याने राण्यांनासुद्धा सोडलेले नाही. १९९८ च्या 'गुलाम'मध्ये राणी मुखर्जीच्या तोंडी दुसऱ्याच स्त्रीचा आवाज घातला होता! जेथे नायिकेची ही दशा, तेथे माझ्या मेंढपाळाच्या पोराला कोण विचारतो?

बचाव करणारे तीन मुद्दे मांडतात. तिन्ही ऐकून घेऊ.

पहिला मुद्दा : हा देश गोंगाटाचा आहे, येथे जागेवर आवाज घेणे अशक्य. मग कच्छमध्ये हजारोंचा जमाव उभा करून 'लगान' कसा झाला? २००१ साली आलेल्या त्या चित्रपटाचे संवाद जागेवरच मुद्रित केले होते. नकुल कामते यांनी ते काम केले आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. २००९ साली तर रसूल पुकुट्टी यांनी 'स्लमडॉग मिलियनेर'च्या ध्वनिमिश्रणासाठी दोन इंग्रज सहकाऱ्यांबरोबर ऑस्कर घेतले. तो चित्रपट कोठे घडतो? मुंबईच्या झोपडपट्टीत, म्हणजे गोंगाटाच्या माहेरघरात! आणि पुकुट्टी शिकले कोठे? पुण्याच्या त्याच संस्थेत. म्हणजे माणसे आपल्यापाशी आहेत; मान देणारा परका लागतो.

दुसरा मुद्दा खर्चाचा. जागेवर नीट आवाज घ्यावयाचा तर वेळ लागतो, आणि वेळ म्हणजे पैसा. अगदी खरे. पण आकाशातून गावाचा देखावा घ्यावयाला ड्रोन येतो, नायकाला बसावयाला वातानुकूलित गाडी येते, तेव्हा हा हिशेब कोठे जातो? लग्नघरात बँडला हजारो मोजावयाचे आणि भटजींच्या दक्षिणेवरून घासाघीस करावयाची, तसा हा प्रकार आहे. जनरेटर पन्नास पावले लांब नेणे, मोबाइल बंद ठेवणे, शॉटच्या वेळी गप्प राहणे याला किती पैसे पडतात? याला पैसा नाही, शिस्त लागते.

तिसरा मुद्दा मात्र विषारी आहे. 'त्यांची भाषा प्रेक्षकाला कळणार नाही.' अहो, आज आपल्या घराघरांत मल्याळी आणि कोरियन गोष्टी खालच्या अक्षरांच्या आधाराने मिटक्या मारीत पाहिल्या जातात. कोरियन कळते, आणि माणदेशी मराठी कळत नाही? २०१४ चा 'कोर्ट' घ्या. त्यातली बहुतेक माणसे व्यावसायिक नट नव्हती. त्याने व्हेनिसला पुरस्कार मिळवले आणि देशातल्या सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कारही. साध्या माणसांना समोर आणण्यात जगाला काही कमीपणा वाटला नाही. कमीपणा वाटतो तो आपल्याला, आपल्याच माणसांचा.

मी कादंबऱ्या लिहितो, म्हणून या मुद्द्यावर मला अधिकाराने बोलता येते. 'बारा कोसांवर भाषा बदलते' असे आपण म्हणतो. कागदावर मी शब्द उतरवू शकतो. 'आहे'चे 'हाय' करू शकतो, 'होते'चे 'व्हतं' करू शकतो. पण माणदेशातली म्हातारी 'हाय' म्हणताना शेवटी जो हेल काढते, तो मला लिहिता येत नाही. देवनागरीत त्याला अक्षर नाही. वीस वर्षे मी त्या हेलाच्या पाठीमागे लेखणी घेऊन धावतो आहे आणि दरवेळी रित्या हातांनी परततो आहे. तो हेल पकडण्याचे यंत्र ज्यांच्या हाती आहे, ते तो पकडतात आणि फेकून देतात! त्याऐवजी मुंबईच्या बंद खोलीत तयार झालेली एक 'ग्रामीण' बोली वापरतात. जी कोल्हापूरची नाही, बीडची नाही, भंडाऱ्याची नाही. जी महाराष्ट्रातल्या कोणत्याही गावात कोणीही बोलत नाही. आणि आता तर उलटेच होऊ लागले आहे. माझी पोरे पडद्यावरची ती खोटी बोली ऐकून तशी बोलू लागली आहेत, आणि घरच्या बोलण्याला लाजू लागली आहेत. 'माझं कायतरी चुकलं व्हतं का?' असे जे पोर विचारते, ते पुढच्या वेळी तोंड उघडताना दोनदा विचार करते. एका सिनेमाच्या सोयीसाठी एक मूल आपल्या आजीची भाषा टाकते, हा सौदा मला महाग वाटतो.

आणि सरकार? त्याच्या कानाची तपासणी तर अधिकच मनोरंजक आहे. राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत ध्वनीचे तीन मानकरी असत : जागेवर आवाज घेणारा, ध्वनीची रचना करणारा आणि अखेरचे मिश्रण करणारा. जागेवरच्या मुद्रणाचा पुरस्कार अर्थातच, ज्यातले संवाद जागेवर घेतले आहेत अशा चित्रपटासाठी. २०२२ साली तो एका कन्नड चित्रपटाला जाहीर झाला, आणि त्याच चित्रपटाच्या ध्वनिरचनाकाराने जाहीरपणे सांगितले, की आमचे संवाद तर मागाहून डब केलेले आहेत! परीक्षकांना जागेवरचा आवाज आणि डबिंग यांतला फरक ऐकू आला नाही. यावर उपाय काय निघाला? परीक्षकांचे कान तपासले? छे! २०२४ साली नियम बदलून तिन्ही पुरस्कारांचा एकच केला, आणि तो एकट्या ध्वनिरचनाकाराला ठेवला. बक्षीस पन्नास हजारांवरून दोन लाखांवर नेले. रक्कम वाढली आणि माणसे घटली. उन्हात काठी धरून उभा राहणारा, एसटीसाठी शिव्या खाणारा तो माणूस पंगतीतून उठवला गेला. रचनाकाराला मान मिळाला याचा मला आनंद आहे. पण घराला रंग देणाऱ्याचा सत्कार करताना पाया खणणाऱ्याला दाराबाहेर का उभे करावे?

निर्माता झाला, सरकार झाले. आता पाळी तुमची आणि माझी. रागावू नका. सिनेमावाले बहिरे झाले ते आपल्या जिवावर. ओठ आणि शब्द जुळले नाहीत तरी आपण तक्रार करीत नाही. सगळ्या गावांना एकच कुत्रा भुंकतो, सगळ्या रात्री तीच रातकिड्यांची किरकिर, तरी आपण मुकाट ऐकतो. कानठळ्या बसल्या म्हणजे 'साउंड भारी आहे' अशी आपली समजूत. थिएटरच्या चारही भिंतींत कर्णे बसवले. पण त्या कर्ण्यांतून यायचे काय, याची चौकशी कोणी केली नाही. पाण्याचे नळ सोन्याचे केले आणि विहिरीत डोकावलेच नाही! गिऱ्हाईक मापाकडे पाहात नसेल, तर दुकानदार खोटे वजन का ठेवणार नाही?

म्हणून या दिवाळीत माझी एक मागणी आहे. लक्ष्मीपूजनाच्या रात्री फटाक्यांची आतषबाजी संपली, की अंगणात एक मिनिट गप्प उभे राहा. मुलांनाही उभे करा. पणतीच्या वातीची चुरचुर ऐका. शेजारच्या घरातली भांडी, लांबचा रस्ता, शेजारी उभ्या असलेल्या आपल्या माणसाचा श्वास. ती तुमच्या घराची शांतता आहे. दुसऱ्या कोणाच्या घराला ती नाही. एकदा ती ऐकलीत की पुढच्या सिनेमात खोटा आवाज तुमच्या कानाला खड्यासारखा लागेल. लागला म्हणजे बोला. घरी बोला, थिएटरवाल्याशी बोला, निर्मात्याला दोन ओळी लिहा. आणि पाट्या सुरू झाल्या की खुर्चीतून उठू नका. जागेवरचा आवाज कोणी घेतला त्याचे नाव येईपर्यंत बसा.

तो पोरगा आता मोठा झाला आहे, वरच्या वर्गात तालुक्याच्या शाळेत जातो. मागच्या महिन्यात भेटला तेव्हा माझ्याशी शुद्ध, छापील मराठीत बोलला. मी त्याला शाबासकी दिली नाही. मास्तर असूनही दिली नाही. त्याची आजी अजून आहे. वाटेत भेटली की ती थांबते, आणि मला धास्ती वाटते, की आता ही पुन्हा तेच विचारील. तिला द्यावयाला माझ्यापाशी उत्तर नाही. ज्यांच्यापाशी आहे, त्यांनी एकदा माणदेशात यावे आणि तिच्या तोंडावर ते सांगावे. मात्र आपल्या स्वतःच्या आवाजात सांगावे.